धोंड्याच्या महिन्यातले शॉकअप

सासऱ्यांच्या पिकअपला कोणते शॉकअप बसवायचे हे मी ठरवलं, आणि तो अधिकार मला पंचांगाने दिला होता.

अधिक महिना चालू होता. आमच्या मराठवाड्यात त्याला धोंड्याचा महिना म्हणतात. या महिन्यात जावई म्हणजे साक्षात नारायण! त्याला सासरी बोलावतात, पाटावर बसवतात, पुरणाचे धोंडे आणि अनारसे कोंबतात, कपडे करतात आणि सगळ्यात भयंकर म्हणजे त्याचा शब्द खाली पडू देत नाहीत. एरवी वर्षभर माझा शब्द घरात, वर्गात, रिक्षात कुठेही खाली पडतो आणि लोक तो ओलांडून पुढे जातात. (मी नांदेडला कनिष्ठ महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवतो.)

सासरे लातूरचे. त्यांना सगळे अप्पा म्हणतात. त्यांचं टाइल्स, बेसिन आणि कमोडचं दुकान आहे. माल पोचवायला एक पिकअप आहे आणि ती चालवायला माझा मेहुणा बसवराज आहे. या पिकअपवर इतकी वर्षं इतकी फरशी लादली गेली होती की मागचे धक्के सोसणाऱ्या तिच्या दोन्ही शॉकअपनी कधीच राम म्हटला होता. एक स्पीडब्रेकर ओलांडला की गाडी पुढचं गाव येईपर्यंत नंदीबैलासारखी मान हलवत राहायची. अप्पांना त्याचं काही वाटत नव्हतं. फरशी फुटली तर गिऱ्हाइकाला 'तुकड्यांची डिझाईन' म्हणून विकायची, असा त्यांचा साधा हिशेब.

पण किल्लारीच्या गुत्तेदाराने, म्हणजे कंत्राटदाराने, तो हिशेब बिघडवला. हे अप्पांचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. त्याचं स्वतःचं घर तयार होत होतं आणि अधिक महिना संपला की लगेच वास्तुशांती होती. त्याच्या बायकोने फोटो बघून एक गुलाबी कमोड आणि कमळाच्या आकाराचं गुलाबी बेसिन पसंत केलं होतं. रसिकता म्हणजे काय ते इथे कळतं. हा जोड कुठून कुठून फोनाफोनी करून एकदाचा मिळाला. त्यातली एक पाकळी उडाली असती, तर दुसरं कमळ दिवाळीच्या आत उगवणार नव्हतं.

"अप्पा, बेसिनला चरा जरी गेला, तर पुढच्या समद्या साइटीचा माल मी दुसरीकडून उचलणार," गुत्तेदाराने बजावलं होतं.

तेव्हा कुठे शॉकअपचा विषय निघाला.

आम्ही तिघं मुजीबभाईच्या गॅरेजवर गेलो. मी काही कामाने गेलो नव्हतो. घरी बसलो असतो तर मामींनी, म्हणजे सासूबाईंनी, आणखी धोंडे वाढले असते, म्हणून गेलो होतो.

"शॉकअप कशाला? स्प्रिंगचा एक पाटा वाढवा. वजन पाटा उचलतो," अप्पा म्हणाले.

"बिलकुल बराबर," मुजीबभाई म्हणाला.

"अप्पा, जमाना गॅसच्या शॉकअपचा हाय," बसवराजने फोन पुढे केला. त्यात एक माणूस पंजाबीतून काहीतरी समजावून सांगत होता. बसवराजला पंजाबी येत नाही, पण फोनमधला माणूस खोटं बोलत नाही अशी त्याची श्रद्धा आहे.

"बिलकुल बराबर," मुजीबभाई म्हणाला. इतकी वर्षं धंदा करून या माणसाचा कोणाशीही मतभेद झालेला नाही आणि त्याने दुरुस्त केलेली एकही गाडी धड चालत नाही.

मग केवळ रीत म्हणून अप्पांनी विचारलं, "जावईबापू, तुमचं काय म्हननं हाय?"

या प्रश्नाला एकच उत्तर असतं: 'तुम्ही ठरवाल ते.' लग्न झाल्यापासून मी ते बिनचूक देत आलो होतो. पण त्या दिवशी पोटात चार धोंडे होते आणि डोक्यात नारायण होता. शिवाय मी नांदेडात विष्णुपुरीला इंजिनिअरिंग कॉलेजजवळ राहतो, त्यामुळे मला यंत्रातलं कळतं असा सासरी एक समज आहे. (तिथल्या टपरीवरचा चहा मला कळतो. बाकी काही नाही.) मी उठलो, फळीवरचे शॉकअप विचारवंतासारखे न्याहाळले आणि त्यातला सगळ्यात जाड जोड उचलायला गेलो. तो उचलला गेला नाही, म्हणून बोट दाखवलं.

"हे."

"साब, हे लई मोठ्या गाडीचे हायत," मुजीबभाई म्हणाला आणि आयुष्यात पहिल्यांदाच मतभेद होतोय की काय या भीतीने लगेच पुढे म्हणाला, "पर बसवू. ठोकून ठोकून बसवू."

"दाजी, त्यानं गाडी दगडावानी कडक हुईल..." बसवराज बोलायला लागला.

"बस्या, गप," अप्पांनी दटावलं. "धोंड्याचा महिना हाय. जावयाचा शब्द हाय."

अशा रीतीने शॉकअप बसले. बायकोला हे कळलं तेव्हा ती माहेरी असूनही हळू आवाजात बोलली नाही. "तुम्ही निवडले? आपल्या घरची गॅसची नळी बदलायला शेजारचे काका येतात!"

दुसऱ्या दिवशी सकाळी माझं औक्षण झालं. नवा सफारी, डोक्याला फेटा, खांद्यावर उपरणं, कपाळावर हा एवढा कुंकवाचा टिळा. शॉकअप जावयाने निवडलेले, तेव्हा पहिल्या खेपेला जावयाचे पाय गाडीला लागले पाहिजेत, असं अप्पांनी ठरवलं. गाडीत वाटेत औशाला उतरवायच्या टाइल्स खच्चून भरल्या होत्या. त्यांच्या मागे गवतात आणि पोत्यात गुंडाळून कमोड आणि कमळ ठेवलं होतं. आम्ही तिघं पुढे बसलो.

औशापर्यंत गाडी अशी गेली की पोटातलं पाणी हललं नाही. मी बसवराजला सत्तेचा समतोल या विषयावर थोडं मार्गदर्शन केलं आणि त्यात शॉकअपचं स्थान काय, तेही सांगितलं. तो 'हाव, हाव' करत होता. त्याचा चेहरा पडलेला पाहून मला बरं वाटलं, हे कबूल करतो.

औशाला टाइल्स उतरल्या. आता मागे फक्त कमोड आणि कमळ राहिलं. गावाबाहेर पहिला स्पीडब्रेकर आला आणि रिकामी पिकअप मागून अशी उडाली की माझा फेटा टपाला लागून डोळ्यांवर आला. मागून 'ठण्ण' असा आवाज आला. अप्पांनी 'शिव शिव' म्हणत छातीवर हात ठेवला.

उतरून पाहिलं तर माल शाबूत होता, पण कमोड डाव्या बाजूचा उजवीकडे गेला होता आणि कमळ पोत्यातून तोंड बाहेर काढून आमच्याकडे बघत होतं.

"ओझं हाय तोवर ठीक हाय. रिकामी हुईल तशी उडणार," बसवराज म्हणाला. "मागं वजन पाहिजे."

"दगड टाकू," मी म्हणालो.

"अन् दगड उडून कमळावर पडले तर?"

"मग एखादा माणूस पाहिजे, दोन्ही धरून बसणारा," अप्पा म्हणाले. "जरा भारदस्त." एवढं बोलून ते शेतातल्या बाभळीकडे बघायला लागले. बसवराजही त्याच बाभळीकडे बघायला लागला. त्याला गाडी चालवायची होती आणि अप्पांची पाठ धरलेली. धोंड्याच्या महिन्यात जावयाला गाडीच्या मागे बस म्हणणं म्हणजे महापाप, तेव्हा दोघंही म्हणत नव्हते. फक्त बाभळीचा अभ्यास करत होते.

मी चढलो.

मागे बसायला एकच जागा होती आणि ती बसण्यासाठीच तयार केलेली होती. बसवराजने कमोड केबिनला टेकवून दोरीने आवळला, मी त्याच्यावर बसलो आणि उपरण्यात गुंडाळलेलं कमळ बाळंतिणीने बाळ घ्यावं तसं मांडीवर घेतलं. मग आम्ही निघालो.

त्या शॉकअपच्या प्रामाणिकपणाबद्दल मला आजही शंका नाही. रस्त्यातला प्रत्येक खड्डा त्यांनी मला जसाच्या तसा पोचवला. मध्ये कणभरही खाल्ला नाही! मी कमळ वर उचलून धरायचो आणि खाली जे व्हायचं ते होऊ द्यायचो. लामजन्याला शेजारून एक जीप चालली होती. तिच्यातल्या म्हाताऱ्याने माझा फेटा पाहिला, टिळा पाहिला, मग मी कशावर बसलोय ते पाहिलं.

"पाव्हणं," तो काळजीने म्हणाला, "किल्लारीपर्यंत दम धरवंना व्हय?"

अख्खी जीप हसली. मी राज्यशास्त्राचा माणूस. मी एक हात सोडून जनतेला अभिवादन केलं.

किल्लारीत गुत्तेदाराच्या दारात गाडी थांबली, तेव्हा अर्धी गल्ली जमा झाली होती. गुत्तेदारीणबाई पुढे आल्या. त्यांनी आधी कमळाच्या सगळ्या पाकळ्या तपासल्या, मग कमोड चहूबाजूंनी पाहिला. सगळ्यात शेवटी त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"ह्यो माणूस बी आपल्याच मालात हाय का?"

"आमचे जावई हायत," अप्पा म्हणाले.

मला उतरता येईना. दोघा मजुरांनी मला उचलून खाली ठेवलं, तेही कमोड उतरवून झाल्यावर. गुत्तेदार मात्र खूश होता. "अप्पा, असल्या रस्त्यानं आणून एक चरा न्हाई! शॉकअप कुणी निवडले?"

अप्पांनी अभिमानाने माझ्याकडे हात केला. गुत्तेदाराने माझी पाठ थोपटली. तो धक्का थेट माकडहाडापर्यंत गेला. तिथे आधीच बरीच गर्दी होती.

डॉक्टरांनी काही दिवस बसू नका म्हणून सांगितलं. त्याच संध्याकाळी बसवराजने मुजीबभाईकडे जाऊन मुकाट्याने गाडीच्या मापाचे साधे शॉकअप बसवून घेतले. (मुजीबभाई म्हणाला, "बिलकुल बराबर.") मग निघायच्या दिवशी अप्पांनी जावयाचं वाण माझ्यापुढे ठेवलं. ताटात अनारसे होते, दिवा होता आणि नव्या कोऱ्या टॉवेलात गुंडाळून, हळद-कुंकू वाहून, ते दोन जाड शॉकअप होते.

"तुमच्या पसंतीची वस्तू. ती तुमच्याकडंच शोभून दिसंल," अप्पा म्हणाले. धोंड्याचं वाण नाही म्हणता येत नाही. त्यांच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नव्हती, त्यामुळे हा मान होता की सूड, ते मला अजून कळलेलं नाही.

लातूर-नांदेड एसटीत दोघांना जागा मिळाली. खिडकीशी बायको बसली. शॉकअप वरच्या फळीवर ठेवायला कंडक्टरने मनाई केली, म्हणून ते तिच्याशेजारी सीटवर ठेवले.

"साहेब, ते खाली ठेवा अन् बसा की," कंडक्टर म्हणाला.

"राहू द्या," बायको खिडकीबाहेर बघत म्हणाली. "त्यांना बसता येत नाही."

कंडक्टरने एकदा शॉकअपकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि तिकीट फाडून शॉकअपजवळ ठेवलं. माझ्या पसंतीचे शॉकअप माझ्या सीटवर बसून आरामात नांदेडला आले आणि मी दांडीला लोंबकळत त्यांच्यासोबत उभा आलो.