साळवे सिस्टर आणि दादांचा आग्रह

साळवे सिस्टर घरात आल्या की दोन्ही हात काखेत दाबून दाराशीच उभ्या राहायच्या. गाझियाबादच्या आमच्या फ्लॅटवर आजारी आईला बघायला त्या पहिल्यांदा आल्या तेव्हा डिसेंबरची थंडी होती. त्यांचा तो पवित्रा पाहून दादांना, म्हणजे माझ्या वडिलांना, वाटलं की बाई कशावरून तरी रागावल्यात. "बसा ना, सिस्टर," ते जरा घाबरतच म्हणाले.

"बसते हो. हात गरम होऊ देत आधी. गार हात लावून आजारी माणसाला दचकवायचं कशाला?"

मग त्या आईच्या खोलीत गेल्या, तिचा हात हातात घेऊन बसून राहिल्या. नाडी, ताप, औषधं सगळं त्यानंतर. हा क्रम त्यांनी शेवटपर्यंत मोडला नाही.

सिस्टर मूळच्या नगरकडच्या, ख्रिस्ती. सगळी नोकरी दिल्लीच्या एका सरकारी हॉस्पिटलात झाली आणि लग्न काही केलं नाही. आर. के. पुरमला आम्ही सरकारी क्वार्टरमध्ये राहत होतो, तेव्हा त्या समोरच्याच ब्लॉकमध्ये होत्या. रविवारी चर्चमध्ये जायच्या आणि मंडळाच्या गणपतीत आरतीला त्यांचा आवाज सगळ्यांच्या वर लागायचा. पुढे गाझियाबादला सरकारी नोकरांच्या एका सोसायटीत दादांनीही फ्लॅट घेतला आणि त्यांनीही. नव्वदीचं दशक अर्धं सरलं होतं. सोसायटीत निम्म्या फ्लॅटना कुलपं होती, लिफ्ट बसवायची राहिली होती आणि गच्चीवरून पलीकडे मोहरीची शेतं दिसायची. अशा ठिकाणी ओळखीचं मराठी माणूस जवळ असणं हा मोठाच आधार होता. तो किती मोठा, ते आई आजारी पडल्यावर कळलं.

आईचा कॅन्सर पोटातून लिव्हरमध्ये गेला होता. डॉक्टरांनी सरळ सांगितलं, आता घरी न्या, दुखणार नाही एवढं पाहा. मी बँकेतून रजा काढली. सिस्टर रिटायर झाल्या होत्या, त्या रोज येऊ लागल्या. आईला अंग पुसून देणं, कूस बदलणं, वेदनेचं औषध वेळेवर देणं हे त्या करत आणि मला शिकवत. दाराबाहेर कुजबुजणाऱ्या नातेवाइकांना त्या आत बोलावून घ्यायच्या. "चलो, आत या. आजारी आहेत त्या, बहिऱ्या नाही झाल्या. त्यांच्याबद्दलचं त्यांनाच विचारा." मंडळी ओशाळून आत येत आणि मग हवापाण्याबद्दल बोलत.

पण सिस्टरांची खरी परीक्षा घेतली ती दादांनी.

दादा केंद्र सरकारचे अधिकारी होते, पण दिल्लीच्या मराठी मंडळींत त्यांची ख्याती होती ती आग्रहाची. गणपतीच्या जेवणात जिलबीचं ताट त्यांच्या हातात गेलं की लोक पानावर आडवे हात धरत, आणि दादा बोटांच्या फटीतून जिलबी सोडत. "माझ्यासाठी एक" हे त्यांचं ब्रह्मास्त्र. माया करायची दुसरी रीत त्यांना ठाऊकच नव्हती. साहजिकच आईचं दुखणंही त्यांनी वाटी-चमच्यानेच हाती घेतलं. पेज, सूप, फळांचा रस. बाजार तेव्हा नुकता परदेशी मालाने भरू लागला होता. बसने दिल्लीतल्या आय.एन.ए. मार्केटला जाऊन ते ताकदीच्या पावडरींचे रंगीत डबे घेऊन यायचे. आईच्या गळ्याखाली घास उतरत नसे. तिला ठसका लागे, नंतर उलटी होई, आणि त्यात ती इतकी दमे की उरलेला वेळ डोळे मिटून पडून राही. तरी दादांचा चमचा पुढे आला की तोंड उघडायची. नवऱ्याला नाही म्हणणं तिच्या जिवावर येत होतं, आणि मला ते बघवत नव्हतं.

सिस्टरांनी दोनदा समजावलं. दादा ऐकून घेत आणि म्हणत, "अच्छा, ठीक आहे. पण काहीतरी पोटात गेल्याशिवाय ताकद कशी येणार?" नळीने अन्न देतात म्हणे, म्हणून ते एका नव्या खासगी हॉस्पिटलातही चौकशी करून आले. आईला तिथे हलवायचं त्यांच्या मनाने घेतलं होतं. आईला मात्र घरातून कुठेही जायचं नव्हतं. तिने ते मला सांगितलं, दादांना नाही.

मी हे सिस्टरांच्या कानावर घातलं. दुसऱ्या दिवशी दादांचं जेवण नुकतंच आटोपलं होतं. वरणभात, बटाट्याची भाजी, व्यवस्थित जेवले होते. सिस्टर आल्या आणि म्हणाल्या, "दादा, जरा दिवाणावर टेकून पडा. काम आहे."

मला वाटलं, ब्लडप्रेशर बघतायत. दादांनाही तेच वाटलं असावं, त्यांनी शर्टाची बाही वर केली. सिस्टरांनी आईसाठी केलेल्या पेजेची वाटी आणली, शेजारी बसल्या आणि चमचा त्यांच्या तोंडाशी नेला.

"हे काय? मी आत्ता जेवलोय."

"एक घ्या ना."

दादांनी घेतला. दुसरा घेतला. तिसऱ्याला त्यांनी हात आडवा धरला. "पुरे, सिस्टर. बिल्कुल जागा नाही."

"माझ्यासाठी एक."

दादांनी मान फिरवली. पेज हनुवटीवर सांडली. सिस्टरांनी ती पदराने पुसली आणि अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "वहिनींचं पोट दिवसभर असंच भरलेलं असतं, दादा. त्यांना मान फिरवावीशी वाटते. तुमच्याकडे बघून फिरवत नाहीत."

दादा उठून बसले. मग म्हणाले, "मग मी तिच्यासाठी करू तरी काय?"

"पुष्कळ आहे की. या, दाखवते."

कापसाचा बोळा पाण्यात भिजवून, पिळून ओठांवरून कसा फिरवायचा, कोमट खोबरेल तेल तळपायांना कसं लावायचं, हे सिस्टरांनी त्यांना शिकवलं. दादांचे हात पुन्हा कामाला लागले. हॉस्पिटलचा विषय त्यांनी परत काढला नाही. आणि एक गोष्ट झाली, जिची आम्ही कुणी अपेक्षाच केली नव्हती. घास बंद झाले आणि आईला बोलायला त्राण उरलं. सकाळी थोडा वेळ ती बोलायची. आर. के. पुरमच्या पहिल्या उन्हाळ्यात गच्चीवर झोपायचो ते, मी शाळेत हिंदीत नापास झाले होते ते. एकदा दादांना म्हणाली, "ती डब्यातली पावडर ना, अगदी खडूसारखी लागायची हो." दादा इतके हसले की त्यांनाच ठसका लागला. एका सकाळी दादा पायांना तेल लावत असतानाच आई गेली.

काही वर्षांनी सिस्टर भाचीकडे नगरला गेल्या आणि तिथेच वारल्या. बातमी फोनवर कळली. त्या वेळी मला सगळ्यात आधी आठवली ती आईच्या दहाव्याची दुपार.

पुण्याहून माझी मावशी आली होती. मनात काही नसताना ती बोलून गेली, "शेवटी शेवटी पोटात काही नव्हतं गं माझ्या ताईच्या." लोक गेल्यावर दादांनी सिस्टरांना विचारलं, "मी तिला उपाशी ठेवून मारलं का हो?"

मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून "असं काय बोलता" म्हणणार होते. सिस्टरांनी मात्र प्रश्नाला उत्तर दिलं. "नाही. त्या जायला निघाल्या होत्या म्हणून त्यांची भूक गेली. भूक गेली म्हणून त्या गेल्या नाहीत. मी पुष्कळ माणसं जाताना पाहिलीत, दादा. तुमच्या हातून काही वाईट झालं असतं तर मी तेव्हाच सांगितलं असतं."

आई गेल्यापासून दादा रडले नव्हते. आता रडले, मोठ्याने, लहान मुलासारखे. मी पाणी आणायला उठले, तर सिस्टरांनी माझा हात धरून मला खाली बसवलं.

"पाणी मग दे," त्या म्हणाल्या. "पाणी दिलं की माणूस रडायचं थांबतो. त्यांचं रडून होऊ दे."