काकांना विचारलंस का?

आधीच सांगते, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारी बाई नाही. लहानपणी नागपूरला शेजारच्या आजी अमावस्येचे किस्से सांगायच्या, तेव्हा मी त्यांच्याकडे पुरावे मागायचे. आता इंग्लंडात, लेस्टरला एका कंपनीचे सर्व्हर सांभाळते. कोणी कुठला फोल्डर उघडायचा, कोणी नुसता बघायचा, कोणी हातही लावायचा नाही... हे ठरवणं हेच माझं पोटापाण्याचं काम. त्यामुळे पुढचं वाचून हसलात तरी चालेल, मीही हसतेच.

आमच्या इथल्या मराठी मंडळाची वेबसाइट वैद्यकाकांनी उभी केली. मंडळाचं सामानही त्यांच्याच ताब्यात – पातेली, सतरंज्या, साउंड सिस्टिम. न विचारता साधा डाव हलवलेला त्यांना खपायचा नाही, आणि विचारलं की कधी नाही म्हणायचे नाहीत. कोणी कशाला हात लावला की बाकीचे लगेच ओरडायचे, "काकांना विचारलंस का?" गेल्या हिवाळ्यात काका गेले आणि वेबसाइट माझ्या गळ्यात पडली.

उन्हाळ्यात मी सगळं नव्या सर्व्हरवर हलवलं, जुना बंद करून टाकला. फोटो, नाटकं, सगळं नीट चालू झालं. अडला तो फक्त 'गाणी' नावाचा फोल्डर. आणि नेमकं त्यातच वैद्यकाकूंचं गाणं होतं! काकूंनी स्वतः लिहून चाल लावलेलं कोजागिरीचं गाणं, काकांनी घरीच रेकॉर्ड केलेलं. पुढे काकूंच्या घशाचं ऑपरेशन झालं. बोलता येतं, पण सूर लागत नाही. त्यांची इथेच जन्मलेली नात ईशा यंदा ते गाणं म्हणणार होती. शब्द काकूंना पाठ होते, चाल मात्र आता त्या फोल्डरमध्येच होती.

कार्यक्रमाच्या आदल्या रविवारी दुपारी मी त्यांच्या डायनिंग टेबलावर लॅपटॉप उघडून बसले. काकूंनी ईशाला चाल सांगून बघितली... अंतऱ्याला नुसती हवा बाहेर आली. त्या हसल्या आणि चहा टाकायला उठल्या. मला ते हसणं बघवलं नाही.

खरं तर प्रकरण सोपं होतं. काकांचं अकाउंट जुन्या सर्व्हरबरोबर गेलं, म्हणून फोल्डरला मालकच उरला नव्हता. अशा वेळी मालकी आपल्या नावावर घ्यायची, स्वतःला सगळ्या परवानग्या द्यायच्या, विषय संपला. मी घेतली. दिल्या. 'ॲक्सेस डिनाइड.' वेबसाइट ज्या अकाउंटवर चालते, त्यालाही दिल्या. डिनाइड! सर्व्हर रीस्टार्ट केला. मालक म्हणून माझं नाव, 'फुल कंट्रोल'वर टिक, आणि फोल्डर काही बधेना.

"वृंदामावशी, पण तू ॲडमिन आहे ना?" ईशा म्हणाली. "सो एम्बॅरसिंग."

"गप्प बस गं."

काकूंनी माझ्यासमोर कप ठेवला. "ह्यांना विचारलंस का?"

"काकू, अहो..."

"विचार की. विचारायला काय तोंड दुखतं?"

मी वैतागले होते. निव्वळ गंमत म्हणून भिंतीवरच्या फोटोकडे बघून म्हटलं, "काका, गाणं घेऊ का? ईशाला हवंय." आणि पुन्हा क्लिक केलं.

फोल्डर उघडला. मधे मी कशालाही हात लावला नव्हता.

काकूंचा जुना, मोकळा आवाज खोलीभर झाला. मधेच कुकरची शिट्टी, आणि लगेच काकांचं दबकं, "अगं, गॅस बंद करू का?" आम्ही तिघी हसलो, मग तिघीही रडलो. गाणं आधी ईशाच्या फोनवर घेतलं.

शनिवारी कोजागिरी झाली. हॉल सहाला सोडावा लागतो, त्यामुळे आमचं मसाला दूध चंद्र उगवायच्या आधीच संपतं. ईशा माइकवर म्हणाली, "हा गाणं माझी आजीने केला," आणि अशी गायली की मागे समोसे लावणारे पुरुषसुद्धा थांबले. पहिल्या रांगेत काकू दुधाचा कप धरून नुसते ओठ हलवत होत्या.

खरी मजा पुढेच आहे. सोमवारी फोल्डर पुन्हा बंद! विचारलं, उघडला. मग माझ्यातली नागपूरची पुरावेवाली जागी झाली. न विचारता – बंद. मनातल्या मनात विचारून – बंद. मोठ्याने इंग्रजीत विचारून – उघडला. माझ्याहून सीनियर मित्राला दाखवलं. त्याने सगळ्या सेटिंग्ज तपासल्या, "दिस इज फाइन" म्हणाला, आणि त्याच्या तोंडावर फोल्डर बंद.

मग दिवाळीत ईशाने काकूंना टॅबलेट आणला. काकूंनी जन्मात कॉम्प्युटरला हात लावलेला नाही. त्यांच्या नावाचं अकाउंट मी बनवलेलंच नव्हतं, कुठलीही परवानगी दिली नव्हती. मी वेबसाइट उघडून टॅबलेट त्यांच्या हातात दिला आणि म्हटलं, "काकू, आधी विचारा हं, नाहीतर..."

त्यांनी बोट टेकवलं आणि गाणं सुरूसुद्धा झालं.

सेटिंग्ज मी पुन्हा पुन्हा बघितल्या. उत्तर मला आजही सापडलेलं नाही. काकूंना मात्र यात नवल असं काही वाटलंच नाही. कुकरची शिट्टी झाली, काकांचा प्रश्न आला, आणि टॅबलेटवरून हात फिरवत त्या म्हणाल्या, "मी कशाला विचारू? आमच्या घरात विचारायचे ते हे."