चांगोच्या नावाची बाटली

किन्हवलीजवळच्या पाड्यावर आशा सेविकेचं काम करताना मेघाला नऊ वर्षं झाली होती. लसी, बाळंतपणं, सगळं तिनं रेटून नेलं. पण लोकांकडे शौचाचा नमुना मागताना तिचा जीव मेटाकुटीला आला. आतड्याच्या कॅन्सरचं रक्त पुष्कळदा डोळ्यांना दिसत नाही, तपासणीत सापडतं, म्हणून आरोग्य केंद्रानं पन्नाशीपुढच्यांसाठी छोट्या बाटल्या दिल्या होत्या. कुणी तिला हसलं, कुणी दार लावून घेतलं. एका घरी तर बाटलीत मध भरलेला निघाला.

सगळ्यांत चिवट म्हणजे चांगो आणि त्याची बायको सोमी. चांगो लाजून मागच्या दारानं रानात पसार व्हायचा. सोमी म्हणायची, "माझी बाटली उंदरानं नेली गो!" चौथ्या खेपेला मेघा ओट्यावर ठाण मांडून बसली, "नमुना घेतल्याबिगर मी हलायची नाय." दुसऱ्या सकाळी सोमीनं चांगोच्या नावाची भरलेली बाटली तिच्या हातावर आदळली.

आठ दिवसांनी निकाल आला. नमुन्यात रक्त होतं. दुर्बिणीच्या तपासणीसाठी ठाण्याला जावं लागेल, हे ऐकताच चांगोनं बायकोकडे बोट दाखवलं.

"ताय, ती माझी नाय. हिनं स्वतःचीच भरून दिली."

"तू सारखी दारात यायचीस," सोमी पुटपुटली. "म्हटलं, एकदाची कटकट मिटंल."

मेघाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अगो, खेळ वाटला काय तुमाला? मी ह्यांना नेलं असतं, नि तू इथं दुखणं घेऊन बसली असतीस!"

सोमीचा चेहरा उतरला. त्यानंतर मात्र तिनं एकही सबब सांगितली नाही.

तपासणीत सोमीच्या आतड्यात मांसाचा एक कोंब सापडला. डॉक्टरांनी तो तिथंच काढला. अजून कॅन्सर नव्हता, पण राहिला असता तर पुढे होऊ शकला असता, असं त्यांनी सांगितलं. बाहेर बाकड्यावर बसलेला चांगो ते ऐकून लहान मुलासारखा रडला.

परतल्यावर मेघानं त्याच्यापुढे नवी बाटली धरली.

"आता माझी कशाला? हिचं झालं ना बरं?"

मेघानं कपाळावर हात मारला. सोमीनं मात्र नवऱ्याचा दंड धरून त्याला उठवलं, "चल, ऊठ. ह्या खेपेला तुझी तूच भरायची."