खात्रीकाकांची चावी

चालू टेबलफॅनसमोर बसायला खात्रीकाका कधीच तयार नसत. बंद फॅनसमोरही नसत. आधी प्लग उपटून हातात घ्यायचे आणि मग खुर्ची ओढायचे. "बटन बंद आहे म्हणजे पंखा बंद आहे असं कुणी सांगितलं?" हा त्यांचा प्रश्न. कळव्याच्या त्यांच्या चाळीत सगळे त्यांना वैतागलेले. दूधवाल्यापासून देवळातल्या घंटेपर्यंत त्यांचा कशावर विश्वास नव्हता.

माजिवड्याच्या कारखान्यात ते माझ्या बाबांबरोबर मेंटेनन्सला होते. त्याआधी एका फ्लाइंग क्लबात मेकॅनिक होते. तिथलं काम का सोडलं, ते कधी सांगत नसत. आणि मला नेमकी त्यांच्याचकडे शिकायची पाळी आली. खाजगी वैमानिकाच्या परीक्षेत मी एकदा नापास झाले होते, तेही आकाशात नव्हे, जमिनीवर! परीक्षक म्हणाले, "समजा, सुरू करतानाच इंजिनाला आग लागली," आणि मी स्टार्टर सोडून थेट दाराला हात घातला. बाबांनी बजावलं, "आता एकदाच. नाही जमलं तर मुकाट्याने बँकेच्या परीक्षेला बसायचं."

म्हणून दर रविवारी मी डोंबिवलीहून कळव्याला जाऊ लागले. काकांचं विमान म्हणजे स्वयंपाकघरातली खुर्ची. डब्याचं लाल झाकण म्हणजे इंधन बंद करायचा कॉक, आणि लोखंडी कपाटाच्या कुलपातली चावी म्हणजे इंजिनाची. चहाचा कप तोंडाला लावला की काका ओरडत, "आग!" मग स्टार्टर न सोडता इंजिन फिरवत राहायचं, म्हणजे ज्वाळा आत ओढल्या जातात. इंधन बंद, शेवटी चावी बंद, आणि मगच उतरायचं, तेही विमानाच्या पुढच्या पंख्यापासून लांब, मागच्या बाजूने. काकू म्हणायच्या, "अहो, पोरीला चहा तरी पिऊ द्या!"

खरं सांगते, मला हा माणूस बनेल वाटायचा. विमानतळावर चला म्हटलं की त्यांचा गुडघा दुखायचा. मी मांडीवर पुस्तक ठेवून त्यांचं प्रत्येक उत्तर चोरून पडताळायची. त्यांचं चुकत नसे, त्यामुळे माझा संशय आणखीच वाढायचा.

एका रविवारी ते म्हणाले, "चावी बंद केलीये मी. उतर." मी उठले. कपाटाची चावी आडवीच होती, म्हणजे चालू. काका असे संतापले की मला तसंच घरी पाठवून दिलं. "इंजिन थांबलं तरी चावी चालू असली, तर नुसता पंख्याला हात लागला की तो फिरतो. माझ्या शब्दावर उठलीस? मी कोण लागून गेलो?"

परीक्षेच्या दिवशी आगीचा प्रश्न पुन्हा आला आणि नीट सुटला. इंजिन थांबलं. परीक्षकांनी स्वतः चावीला हात लावला. "स्विच ऑफ. चला, उतरा." विमान ढकलायला एक माणूस पंख्याकडे येत होता. मी वाकून पाहिलं. चावी 'बंद'च्या एक घर अलीकडेच अडकली होती. मी हात बाहेर काढून त्या माणसाला थांबवलं, चावी फिरवली आणि म्हणाले, "सर, आता बंद आहे." सरांनी वाकून चावी पुन्हा पाहिली. मग त्यांनी मला पास केलं.

पेढे घेऊन कळव्याला धावले. काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि खुर्चीवर बसले, टेबलफॅनचा प्लग न काढताच.

"मीपण असाच ओरडलेलो. स्विच ऑफ. बघितलं नव्हतं. क्लबातल्या माझ्या सोबत्याने, दत्तूने, माझ्या शब्दावर विमानाच्या पंख्याला हात लावला. उजवा हात गेला त्याचा."

मला माझीच लाज वाटली. "काका, मी तुमच्यावर किती संशय घेतला."

"माहितीये. मांडीवरचं पुस्तक दिसायचं मला. म्हणून तर शिकवलं." मग पेढ्यांचा पुडा माझ्याकडे सरकवत म्हणाले, "हे दत्तूला नेऊन दे. खारेगावात राहतो. मला त्याच्या दारात उभं राहायला कधी जमलं नाही."

मी गेले. दत्तूकाकांनी डाव्या हाताने पेढा घेतला, सगळी हकिकत दोनदा सांगायला लावली. "अजून चाव्याच तपासत बसलाय होय? सांग त्याला, आता पुरे कर म्हणावं. आणि चहाला ये म्हणावं."

परत येऊन मी निरोप जसाच्या तसा सांगितला.

"असंच म्हणाला? तू स्वतः ऐकलंस?"

"हो काका."

त्यांचा विश्वास बसला नाही. डोळे पुसले, पायात चपला सरकवल्या आणि ते स्वतः खात्री करून घ्यायला निघाले.