मेजर टॅलोची चाल

विल्फ ट्रँटरचा धंदा उभं राहण्याचा होता.

इतरांना उभं राहून कंटाळा येतो, विल्फला त्याचा पगार यायचा. स्टुडिओत दिवे लावायला तास तास जातात, आणि तेवढा वेळ मोठ्या नटाने तोंडावर झोत घेऊन तिष्ठत राहावं अशी काही पद्धत नाही. म्हणून त्याच्याच उंचीचा, त्याच्याच रंगाचा एक माणूस तसलाच कोट चढवून त्या जागी उभा करतात. दिवे मनासारखे लागले की त्याला म्हणतात, "चल, हो बाजूला." मग नट येतो आणि त्याच खडूच्या खुणेवर पाय ठेवतो. विल्फ बाजूला होण्यातही पटाईत होता. बाजूला झाला की तो तिथे होता हेच कुणाला आठवायचं नाही.

त्याआधी तो वॉटफर्डला टोप्यांच्या दुकानात उभा असायचा, आणि त्याहीआधी लष्करात पहाऱ्यावर. आईच्या दफनाला तर तो इतका नीट उभा राहिला की पाद्र्याने त्याच्या बहिणीला, डोरीनला, हळूच विचारलं, "हे गृहस्थ शवपेटीवाल्यांकडून आलेत का?" डोरीनने हा किस्सा पुढे गल्लीभर सांगितला, पाद्र्याच्या नाकातल्या आवाजासकट. विल्फला राग आला नाही. यायला हवा होता का, याचा त्याने थोडा वेळ विचार केला आणि चहा प्यायला.

मालिका होती 'मेजर टॅलो'. दर शनिवारी संध्याकाळी अर्धं इंग्लंड पडदे ओढून बसायचं आणि टॅलो हेरगिरी करायचा. टॅलोचं काम करायचा ऑब्रे व्हेन. स्टुडिओत त्याला सगळे 'मिस्टर व्हेन' म्हणत. नुसती "टॅलो!" अशी आरोळी आली तर ती विल्फसाठी असे. दिग्दर्शकाचा मदतनीस मॉरिस ती आरोळी द्यायचा, आधी घसा खाकरून, मग 'टॅ' इतका लांबवून की 'लो' येईपर्यंत विल्फ खुणेवर पोचलेला असायचा. इतक्या वर्षांत त्याला विल्फ म्हणणारी दोनच माणसं उरली होती, घरी डोरीन आणि कपडेपटाची मेव्हिस. मेव्हिसच्या ओठांत कायम टाचण्या असत, त्यामुळे तिचं प, फ, ब, म सगळं हवेत विरायचं. "विल्ह," म्हणायची, "हुढे ये रे, राजा."

आणि टॅलोची ती चाल! प्रत्येक भागाच्या सुरुवातीला ओली गल्ली, हॅट, लांब कोट, पाठमोरा टॅलो, आणि डावी टाच जमिनीला लागते न लागते तोच उचललेली, जणू खालची फरशी तापलीय. चाल केवढी गाजली! बसचा कंडक्टर तसा चालून दाखवायचा, खाटीक मांस तोलता तोलता दाखवायचा, शाळेतली पोरं तर ओळीने तशीच लंगडत घरी जायची. व्हेनसाहेब मुलाखतीत सांगत, "मांजराचा बारकाईने अभ्यास केला मी."

मांजराचा काही संबंध नव्हता. गल्लीतलं ते दृश्य काढलं त्या दिवशी व्हेनचा घसा बसला होता आणि पावसासाठी सोडलेल्या नळीच्या पाण्यात भिजायला त्याने साफ नकार दिला. मग त्याचा कोट, त्याची हॅट आणि त्याचे बूट विल्फला चढवले. पाठ काय, कुणाचीही चालते. बूट मात्र एका नंबरने लहान होते. विल्फ चालला, टाच सोलून निघाली, दिग्दर्शक म्हणाला, "वा!" आणि पुढे व्हेन पडद्यावर बघून बघून तसं चालायला शिकला. विल्फने हे कुणाला सांगितलं नाही. सांगायचं काय त्यात?

मग एके दिवशी व्हेन अमेरिकेला गेला.

"गेला तो गेला," कँटीनमध्ये मॉरिस म्हणाला. त्याच्या पावातून बेकन बाहेर लोंबत होतं. "तिकडे डॉक्टरचं काम करणार म्हणे. इथे एक गोळी नीट झाडता येत नव्हती, तिकडे पोटं फाडणार!"

"नवा कोण?" मेव्हिसने विचारलं. जेवताना टाचण्या नसत, त्यामुळे तिचा आवाज एकदम परका वाटायचा.

"इव्हो लँगली. नाटकातला आहे. उंच आहे." मॉरिसने घसा खाकरला आणि विल्फकडे बघितलं. "तुझ्यापेक्षा वीतभर उंच. आणि केस पिवळे."

विल्फ साबुदाण्याची खीर खात होता. त्याने चमचा चाटला.

"कळतंय का तुला?" मेव्हिस म्हणाली. "पिवळा ताडमाड माणूस आणलाय. त्याच्या जागी उभा करायला दुसरा पिवळा ताडमाड आणतील. तुझं काय?"

"बघू," विल्फ म्हणाला.

"बघू म्हणे! पन्नाशी उलटली तुझी. उभं राहण्यावाचून येतं काय तुला?"

विल्फने उरलेली खीर संपवली.

नव्या साहेबाचा पहिला दिवस उजाडला. दिवेवाले तयार झाले, मॉरिसने खाकरून आरोळी दिली, "टॅऽऽलो!" आणि दोन माणसं एकदम उठली. इव्हो बिचारा नवा, त्याला वाटलं आपल्यालाच बोलावलं. दोघे खडूच्या एकाच खुणेवर येऊन आदळले. वरून कुणीतरी दिवेवाला ओरडला, "जुळं झालं रे!" सगळे खो खो हसले, इव्हो सगळ्यांत जास्त.

"माफ करा हं," तो विल्फला म्हणाला. "तुम्ही कोण?"

"टॅलो," विल्फ म्हणाला. मग जरा थांबून, "म्हणजे, तुम्ही."

त्याला लाकडी खोक्यावर उभं करून उंची जुळवली, केसांना पावडर चोपडली. खोक्यावर तो छानच उभा राहिला. पण दिवेवाला कुरकुरला, "सारखं खोकं कोण उचलणार? अन् पावडर चमकते." मॉरिस विल्फच्या कानाशी आला. "तुझ्यासाठी मी भांडतोय. पण चालीचं शूटिंग होईपर्यंतच. पुढचं माझ्या हातात नाही, बाबा."

सुरुवातीची ती पट्टी नव्याने काढायची होती. गल्लीवर पाणी मारलं आणि इव्हो चालला. नीट, ताठ, एखाद्या बँकेच्या साहेबासारखा. दिग्दर्शक म्हणाला, "ही नाही, ती चाल!" इव्हो पुन्हा चालला. आता तो लंगडला. मग जास्त लंगडला. मग म्हातारा झाला. चार वेळा पाणी मारलं, दुपार गेली, इव्होच्या हॅटच्या काठावरून धार लागली.

तेव्हा मॉरिसने इतका मोठ्याने घसा साफ केला की सगळे वळले. "साहेब, एक सांगू? ती पाठ व्हेनची नव्हतीच. ती आपल्या टॅलोची होती. ह्याची."

दिग्दर्शकाने विल्फकडे पाहिलं. बहुधा पहिल्यांदाच. "ह्याची? आणि उंची?"

"एकटी पाठ चालली तर तिची उंची कुणाला कळते? केस हॅटखाली झाकले जातील. आणि दर भागात चाल लागणारच ना, साहेब."

"ठीक आहे," दिग्दर्शक म्हणाला. "उद्या हा चालेल. जमलं तर ठेवू ह्याला."

मेव्हिसने विल्फच्या दंडाला चिमटा काढला. "सुटलास!" तोंडात टाचण्या आहेत याचंही भान नव्हतं तिला; एक खाली पडली, बाकीच्या तिने हातात काढून घेतल्या. "व्हेनचे जुने बूट आहेत आत. काढून ठेवते. कुणाला बोलू नकोस."

विल्फने मान हलवली. दंडाला चिमटा काढलेला त्याला दिसला. दुखला नाही.

चहाची गाडी आली. इव्हो कोट पिळत त्याच्या शेजारच्या बाकावर बसला. दात वाजत होते. "मी रात्रभर आरशासमोर चालतोय हो," तो म्हणाला. "माझ्या बायकोला जमतं. माझ्या दूधवाल्याला जमतं. मला नाही जमत. कसं केलंत तुम्ही?"

कुणी किती वाजले विचारावं आणि आपण सांगावं, तसं विल्फने सांगितलं, "बूट लहान होते."

"काय?"

"एका नंबरने. टाच टेकवली की चावायचे."

इव्हो त्याच्याकडे बघतच राहिला. मग जोरात हसला, कप बाकावर ठेवला आणि धावत कपडेपटात गेला. विल्फ बिस्किट चहात बुडवत राहिला. बिस्किट तुटून तळाशी गेलं तेव्हा त्याच्या लक्षात आलं की आपण काहीतरी केलं.

इव्हो परत आला तो लहान बुटांत. पाणी मारलं. तो चालला. डावी टाच लागते न लागते तोच वर. गल्लीत कुणी खोकलंसुद्धा नाही.

"वा!" दिग्दर्शक म्हणाला.

इव्हो लंगडत विल्फकडे आला, त्याचा हात दोन्ही हातांत धरून म्हणाला, "तुम्ही मला वाचवलंत." मनापासून म्हणाला तो. त्याच्यामागे मेव्हिस उभी होती. "अरे मेल्या," ती म्हणाली, टाचण्या नसल्यामुळे अगदी स्पष्ट. "अरे मेल्या, मेल्या." आणि एप्रनने नाक पुसत आत गेली. आठवडा संपताना मॉरिसने विल्फला बाजूला घेतलं आणि नुसता खाकरत राहिला. शेवटी विल्फच म्हणाला, "कळलं."

नवा टॅलो पडद्यावर आला त्या शनिवारी डोरीनने सार्डिन मासळीचा टोस्ट केला. पिंजऱ्यातला पोपट मालिकेची धून शिट्टीवर चुकीची वाजवत होता, नेहमीसारखी. पडदे ओढले. ओली गल्ली आली, हॅट आली, कोट आला.

"हा नवा चांगला चालतो हं, विल्फ्या," डोरीन म्हणाली. "त्या जुन्याचं नंतर नंतर नाटकी व्हायला लागलं होतं. ह्याचं खरं वाटतं." ती टोस्ट चावत राहिली. "बूट चावतोय बिचाऱ्याला."

"कशावरून?"

"कशावरून काय! एकदा तू असाच चालत आला होतास घरी. मोजा काढताना कातडी निघाली होती. मी मलम लावत होते आणि तू छताकडे बघत होतास. दुखतंय का विचारलं, तर म्हणालास, 'असेल.'"

विल्फ बघत राहिला. पडद्यावर पाठ दूर दूर गेली, धून संपली. मग एक अंधारा जिना, जिन्याच्या तळाशी कुणीतरी, आणि मोठी हाक आली, "टॅलो!"

विल्फ खुर्चीतून उठला. बशी मांडीवरून खाली पडली, फुटली नाही. हात बाजूला सोडून, हनुवटी जरा वर धरून तो चटईच्या मधोमध उभा राहिला. पडद्याचा करडा उजेड त्याच्या तोंडावर पडत होता.

डोरीनने मान वाकडी करून त्याच्या कडेने टीव्ही बघितला. "उठलाच आहेस," ती म्हणाली, "तर चहा ठेव."