वहीनं का सांगावं?

ते लाल पुठ्ठ्याचं रजिस्टर मी अजून विसरलेलो नाही. गावोगावी पिवळे एसटीडी बूथ नुकतेच उघडत होते, तेव्हाची गोष्ट. तिरुवैयारुजवळच्या ठाण्यात मी सब-इन्स्पेक्टर होतो. कालव्याकाठच्या गावात दर मंगळवारी फिरत्या दवाखान्याची गाडी यायची. एकदा तिची नर्स रडकुंडीला येऊन ठाण्यात आली. क्षयाच्या रोग्यांची नावं, वजनं, कोणाला किती गोळ्या दिल्या, हे सगळं ज्यात होतं ते रजिस्टर चोरीला गेलं होतं.

खबऱ्यानं सांगितलं, गाडीचा ड्रायव्हर रद्दी विकतो. मी त्याला दिवसभर ठाण्यात बसवलं, आवाज चढवला. निघालं काय, तर जुनी वर्तमानपत्रं! त्याची माफी मागायची राहूनच गेली, ते अजून मनाला लागतं.

पुढच्या मंगळवारी साध्या कपड्यांत गाडीपाशी उभा राहिलो. गोळ्या कधी सुरू झाल्या, वजन किती होतं, नर्स बाहेर टेबल मांडून एकेकाला विचारत होती. कोणाला धड आठवेना. एका बाईनं मात्र लेकीची तारीख, गोळ्या, दर महिन्याचं वजन घडाघडा सांगितलं. मी तिला बाजूला घेतलं. बाई आमच्यासारख्याच, पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलखात राहिलेल्या मराठी घरातली.

"अक्का, एवढं पाठ कसं?"

तिनं डोळ्यांना पदर लावला. "तांदळाच्या डब्यात आहे, सार्. जाळायला घेतलं होतं. पण त्यात सगळ्यांच्या गोळ्या लिहिल्यात. हात होईना."

"मग नेलंत कशाला?"

"लेकीचं लग्न ठरतंय. मुलाचा मामा बीपी बघायला ह्याच टेबलाशी येतो. वही उघडी पडलेली असते. लेकीचं दुखणं सांगायचं तर मी सांगेन, मुलाच्या आईसमोर बसून. वहीनं का सांगावं?"

रजिस्टर नर्सच्या हाती देताना मी तिला अक्काचा हा प्रश्न सांगितला. रजिस्टर परत मिळालं, नर्सची तक्रार नाही, एवढंच मी लिहिलं. तेव्हापासून नावांची वही कुलपात गेली आणि टेबलावर फक्त नंबरांची कार्डं राहिली.

लेकीच्या गोळ्या संपल्यावर बाईनं मुलाच्या आईला खरंच सगळं सांगितलं. लग्न मोडलं नाही. ती पत्रिका द्यायला ठाण्यात आली, तेव्हा आमचं तक्रारींचं रजिस्टर टेबलावर उघडं होतं. नवऱ्यानं मारलं म्हणून सकाळी एक बाई रडत येऊन गेली होती. तिचं नाव बाकावरचे दोघे मान वाकडी करून वाचत होते. इतकी वर्षं ते रजिस्टर तसंच पडलेलं असायचं, मला कधी खटकलं नव्हतं.

अक्कानं ते मिटलं आणि पत्रिका त्यावर ठेवली.