अपघाताचं कारण

किस्से जमवायला मी कधी गेलो नाही. कुरकुंभच्या केमिकल कंपनीत टाइम ऑफिसला हजेरी बघत बसलं, की ते आपोआप साचतात. माणूस जखमी झाला की आधी दवाखान्यात जातो आणि मग माझ्या टेबलावर येतो, फॉर्म होऊन! मित्र म्हणतात, "तुझं ऐकून हसावं का रडावं कळत नाही." मलाही कळत नाही.

*

पहिलाच फॉर्म मशिनमध्ये बोट तुटलेल्या कामगाराचा. तो भरताना ‘अपघाताचं कारण’ या रकान्यावर अडलो. एचआरच्या साहेबांना विचारलं.

"निष्काळजीपणा लिही."

"कुणाचा?"

साहेबांनी चष्म्यावरून बघितलं. "बोट कुणाचं गेलंय?"

*

पुढं मी डोकं लढवलं. दर वेळी तेच काय लिहायचं? एका कोऱ्या फॉर्मवर ‘कामगाराचा निष्काळजीपणा’ लिहिलं आणि त्याच्या गठ्ठाभर झेरॉक्स काढून ठेवल्या. साहेब खूश! "याला म्हणतात सिस्टीम!"

एकदा कॅन्टीनमागं एकाला गांधीलमाश्यांनी फोडून काढलं. फॉर्म गेला, कारणासकट. कुणीही परत पाठवला नाही.

*

मग याकोब मामा. दौंडचे, जुने ऑपरेटर, रविवारी चर्चमध्ये शास्त्रपाठ वाचणारे. पंपाचा व्हॉल्व्ह गळतोय, असं त्यांनी शिफ्टच्या वहीत तीनदा लिहिलं होतं. चौथ्या दिवशी त्यातूनच अ‍ॅसिड उडालं आणि उजवा डोळा गेला.

सहीसाठी फॉर्म पुढं केला. मामांनी एका डोळ्यानं तो सावकाश वाचला.

"सायेब, निष्काळजीपणा त्येवढा काढा."

"मामा, विम्याची पेन्शन मिळणारच आहे. एका शब्दानं काय फरक पडतो?"

"मग काढा की!"

मी फॉर्म घेऊन साहेबांकडं गेलो. ते म्हणाले, "आजवर सगळ्यांचे असेच गेलेत." मला लाज वाटली, फार वाटली. तरी फॉर्म मी तसाच पाठवला.

*

मामांना कोर्टात कंपनीला एवढंच विचारायचं होतं, की वहीतलं कुणी वाचलं होतं का? मीच त्यांना दौंडला ओळखीच्या वकिलांकडं नेलं. तेवढंच माझं धाडस.

वकिलांनी आधी विचारलं, "कामगार विम्याचं कार्ड आहे?"

"हाय की!" मामांनी मोठ्या उत्साहानं खिशातून काढलं.

वकिलांनी पेन खाली ठेवलं. "मग कंपनीवर भरपाईचा दावा लावता येत नाही. विमा देईल ते घ्यायचं. कायदाच तसा आहे."

"आन् कार्ड नसतं तर?"

"तर लावला असता."

मामांनी कार्ड परत खिशात ठेवलं. "ह्याच्याबिगर गेटातनं आत सोडत न्हाईत वो," एवढंच म्हणाले.

*

आता मामा त्याच गेटवर असतात. कंपनीनं हलकं काम दिलंय. आत जाणाऱ्याच्या डोळ्यांवर गॉगल आहे का, ते बघायचं.

परवा मी गेटवर हजेरी पंच करत होतो. शिक्रापूरच्या कंपनीतून आलेला एक नवा ऑपरेटर मामांपुढं उभा होता. त्यानं सहज विचारलं, "मामा, तुमचा डोळा कशानं गेला वो?"

मामांनी त्याचा गॉगल नीट बसवला आणि माझ्याकडं बोट केलं.

"त्या सायबास्नी इचार. त्यांनी लिवलंय."